‘सांगितलं होतं की’ म्हणून चालत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरात संवादकौशल्यावर लेख येतायत ते मी पहिल्यापासून वाचतेय, आणि हा विषय घेतलात याबद्दल आधी मनापासून आभार, कारण बोलता तर सगळ्यांनाच येतं त्यात शिकायचं काय असं समजून याच्या वाटेला कोणी जात नाही. पण मागच्या लेखात जो गोल छापला होता, ज्यात शब्दांना ७ टक्के, आवाजाला ३८ टक्के आणि चेहरा-हावभावांना ५५ टक्के दिले होते आणि खाली ‘संवाद ९३ टक्के शब्दांशिवाय होतो’ असं ठळक लिहिलं होतं, तो बघून राहवलं नाही म्हणून लिहायला बसले. मी नर्स होते, वॉर्डात २६ वर्षं काढली, आणि त्यातली निम्मी तरी एकाने सांगितलेलं दुसऱ्यापर्यंत नीट पोचतंय का हे बघण्यात गेली. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी पुस्तकातला नाहीये.

हे आकडे आले कुठून ते आधी सांगते. अल्बर्ट मेहराबियन नावाचे मानसशास्त्रज्ञ, त्यांनी १९६७ साली सहकाऱ्यांबरोबर केलेले दोन छोटे प्रयोग. एकात सुटे सुटे शब्द वेगवेगळ्या सुरात ऐकवले, दुसऱ्यात ‘कदाचित’ अशा अर्थाचा एकच शब्द निरनिराळ्या सुरात रेकॉर्ड करून सोबत चेहऱ्याचे फोटो दाखवले, आणि विचारलं काय, तर या बोलणाऱ्याला समोरच्याबद्दल काय वाटतंय, माया वाटतेय, राग आहे की काहीच नाही. म्हणजे प्रश्न फक्त भावनेचा होता, शब्द एक सांगतोय आणि सूर किंवा चेहरा भलतंच सांगतोय अशा वेळी माणूस कशावर विश्वास ठेवतो एवढंच बघायचं होतं. त्या दोन प्रयोगांचे आकडे एकत्र करून ७-३८-५५ तयार झालं. भावना आणि आवडनिवड सोडून बाकीच्या बोलण्याला हे लागू नाही असं खुद्द मेहराबियननी नंतर स्पष्ट सांगून ठेवलंय, पण तेवढं वाक्य गळून गेलं आणि आकडे राहिले, आणि आता प्रत्येक ट्रेनिंगमध्ये, प्रत्येक स्लाइडवर तेच.

खरं-खोटं करायला प्रयोगशाळा लागत नाही. आपल्याला अजिबात न येणाऱ्या भाषेतल्या बातम्या लावा. चेहरा दिसतोय, हात दिसतायत, आवाज ऐकू येतोय, म्हणजे त्या गोलाप्रमाणे ९३ टक्के आपल्या हातात आलं. कळलं काय? कोणीतरी गंभीर आहे एवढं कळलं. पूर आला की निवडणूक झाली हे नाही कळलं. आणि उलट, फोनवर चेहरा दिसतच नाही, तरी माणसं शंभर वर्षांहून जास्त काळ फोनवर लग्नं ठरवतायत, व्यवहार करतायत, भांडतायत आणि समजूतही काढतायत.

मला याचा एवढा त्रास का होतो, तर या आकड्यामुळे शिकवण भलत्याच दिशेला जाते. आमच्याकडे नव्या मुली यायच्या, ट्रेनिंग घेऊन, छान ताठ उभ्या राहायच्या, पेशंटच्या डोळ्यात बघून हसून बोलायच्या, सगळं व्यवस्थित, आणि बोलून झालं की ‘कळलं ना?’ म्हणून पुढच्या बेडकडे. त्या ‘कळलं ना?’ला पेशंट काय म्हणणार, हो म्हणणार. प्रत्येक जण हो म्हणतो. आजारी माणूस, घाबरलेला माणूस, समोर युनिफॉर्ममधलं कोणीतरी घाईत उभं आहे हे दिसत असताना ‘नाही कळलं, परत सांगा’ म्हणण्याची हिंमत शंभरात एखाद्याला असते. हसणं, डोळ्यात बघणं हे हवंच, त्याने पेशंटला धीर येतो, मी कमी लेखत नाहीये, पण धीर आला म्हणजे सूचना पोचली असं नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्याच लेखात ती दुसरी आकृती होती, चौकटी आणि बाण, सांगणारा, संदेश, माध्यम, ऐकणारा, मध्ये कुठेतरी ‘नॉइज’ म्हणजे खरखर, अडथळा. ती आकृती चुकीची नाहीये पण ती कशासाठी काढली होती ते लेखात आलं नाही. क्लॉड शॅनन हे बेल लॅब्ज या अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीच्या संशोधन संस्थेतले गणितज्ञ, त्यांनी १९४८ साली तो पेपर लिहिला, आणि त्यांच्यापुढचा प्रश्न तारेचा होता. एका टोकाला टाकलेले सिग्नल मध्ये खरखर असताना दुसऱ्या टोकाला जसेच्या तसे कसे काढायचे. तो प्रश्न त्यांनी असा काही सोडवला की आज आपला मोबाइल, इंटरनेट सगळं त्याच गणितावर उभं आहे. पण त्याच पेपरच्या सुरुवातीलाच त्यांनी लिहिलंय की संदेशाचा अर्थ काय याचा इंजिनिअरच्या प्रश्नाशी संबंध नाही. अर्थ त्यांनी जाणूनबुजून बाहेर ठेवला होता, आणि ते बरोबरच होतं, तारेला अर्थाशी काय करायचंय. चूक नंतरची आहे, ती तारेची आकृती उचलून माणसांवर चिकटवली गेली आणि आपण सगळे असं धरून चाललो की माझ्या डोक्यातली गोष्ट मी शब्दात बांधते, पार्सल पाठवते, समोरचा पार्सल उघडतो आणि तीच गोष्ट त्याच्या हातात पडते.

हे असं होत नाही ते मी एका शब्दापायी शिकले, आणि ते इतकी वर्षं झाली तरी डोक्यातून जात नाही.

आमच्या वॉर्डात रिपोर्ट बुक असायचं, रात्रपाळीची सिस्टर सकाळी घरी जाण्याआधी त्यात प्रत्येक बेडचं लिहून ठेवायची आणि सकाळची ते वाचून ड्युटी सुरू करायची. तोंडी पण सांगायचं असा नियम होता पण त्या दिवशी तिला लवकर निघायचं होतं आणि मला यायला दहा मिनिटं उशीर झाला होता. एका पेशंटची मोठी जखम होती, एक दिवस आड ड्रेसिंग. बुकात तिने लिहिलं होतं ‘परवा ड्रेसिंग’. दोनच शब्द, सुंदर अक्षर, कुठे खाडाखोड नाही. मी वाचलं आणि समजले की परवा करायचंय. तिने लिहिलं होतं ते या अर्थाने की परवा झालंय, म्हणजे आता वेळ झाली, आज सकाळी उठल्या उठल्या करा. मराठीत ‘परवा’ मागेही जातो आणि पुढेही जातो, ‘परवा आला होता’ आणि ‘परवा येईल’, हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं आणि कधी अडत नाही कारण सोबत क्रियापद असतं. तिने क्रियापद लिहिलं नाही कारण तिला ते दिसतच होतं. झालेलं ड्रेसिंग तिने स्वतःच्या हाताने केलं होतं. आणि मला दुसरा अर्थ सुचलाच नाही कारण सकाळच्या ड्युटीला बुक आपण वाचतोच मुळी ‘काय करायचंय’ या नजरेने. जखम उघडली तेव्हा चार दिवस झाले होते, खाली पू होता, पेशंटला ताप चढला होता. बरा झाला तो, पण घरी जायच्या ऐवजी अजून बरेच दिवस राहावं लागलं, आणि त्याच्या बायकोने मला काहीच म्हटलं नाही फक्त बघितलं, ते अजून आठवतं.

चौकशी झाली. ती म्हणाली, मी लिहिलं होतं की. मी म्हणाले, मी वाचलं होतं की. दोघी खरं बोलत होतो. शॅननच्या तारेच्या हिशोबाने बघा, काहीही हरवलं नव्हतं, एकही अक्षर बिघडलं नव्हतं, जे पाठवलं तेच शंभर टक्के पोचलं. आपल्याकडे गडबड झाली की ‘ध चा मा’ झाला म्हणतात, म्हणजे कोणीतरी मध्ये हात घातला, मुद्दाम बदललं. २६ वर्षांत मुद्दाम बदललेलं मी एकदाही पाहिलं नाही. ‘ध’ लिहिलेला असतो, ‘ध’च पोचतो, आणि वाचणाऱ्याच्या डोक्यात त्याचा ‘मा’ होतो, आणि त्याला कळतही नाही की झालाय.

मग नंतर मी मिळेल ते वाचायला लागले, हे असं का होतं म्हणून. त्यातलं जे मनात बसलं ते सांगते.

आपल्याला वाटतं बोलणारा काम करतोय आणि ऐकणारा नुसता बसलाय. प्रत्यक्षात ऐकणाऱ्याचं डोकं जास्त धावत असतं. २००९ साली दहा वेगवेगळ्या भाषांमधल्या गप्पांचं मोजमाप प्रसिद्ध झालं, एकाचं बोलणं संपल्यावर दुसऱ्याचं सुरू व्हायला किती वेळ लागतो. सरासरी एक सेकंदाचा पाचवा भाग निघाला, म्हणजे पापणी लवते तेवढा वेळ, आणि सगळ्या भाषांमध्ये थोड्याफार फरकाने तेच. आता दुसरीकडे हेही मोजलेलं आहे की नुसतं एका चित्राचं नाव तोंडातून काढायचं म्हटलं तरी डोक्याला अर्ध्या सेकंदाहून जास्त तयारी लागते. मग उत्तर इतक्या पटकन येतं कसं? एकच मार्ग आहे, समोरच्याचं वाक्य चालू असतानाच त्याचा शेवट काय असणार हे आपण ओळखतो आणि आपलं उत्तर जुळवायला घेतो. म्हणजे आपण शेवटपर्यंत ऐकून मग समजून घेत नाही, आपण आधीच अंदाज बांधतो आणि आलेले शब्द त्या अंदाजावर तपासत जातो. बहुतेक वेळा अंदाज बरोबर असतो म्हणून तर गप्पा चालतात. नसतो तेव्हा ‘परवा ड्रेसिंग’ होतं.

मेंदूचे फोटो काढूनही हे बघितलंय लोकांनी, २०१० सालचा प्रयोग आहे, एका बाईने स्वतःच्या आयुष्यातली गोष्ट सांगितली आणि ऐकणाऱ्यांच्या मेंदूत काय चाललंय ते तपासलं. बहुतेक ठिकाणी सांगणारीच्या मेंदूत जे होई तेच थोड्या वेळाने ऐकणाऱ्यांच्या मेंदूत होई, पण काही भागात ऐकणारे तिच्याही पुढे होते, तिने सांगायच्या आधीच. आणि ज्यांना गोष्ट सर्वात चांगली कळली त्यांच्यात हे पुढे असणं जास्त दिसलं. तीच रेकॉर्डिंगची पद्धत वापरून न येणाऱ्या भाषेत गोष्ट ऐकवली तर हे जुळणं गायब. यात शब्दांचा वाटा ७ टक्के कुठे बसवायचा तुम्हीच सांगा.

सांगणाऱ्याची अडचण वेगळी असते. त्याला आपल्या डोक्यातलं सगळं ऐकू येत असतं. एलिझाबेथ न्यूटन या संशोधक बाईंनी १९९० साली स्टॅनफर्डमध्ये पीएचडीसाठी केलेला प्रयोग फार साधा आहे, घरी कोणालाही करून बघता येईल. एकाने सगळ्यांना माहीत असलेल्या गाण्याचा नुसता ठेका टेबलावर बोटाने वाजवायचा, दुसऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना विचारलं किती जण ओळखतील, ते म्हणाले निम्मे तरी. १२० गाणी वाजवली गेली, त्यातली ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात सूर, शब्द, वाद्यं सगळं चालू असतं, त्यामुळे त्याला खरंच समजत नाही की समोरच्याला नुसती टकटक ऐकू येतेय, आणि समोरच्याला येत नाही म्हटल्यावर तो चिडतो. मी हे नातवंडांबरोबर करून बघितलं, वाजवणारा अगदी कळवळून परत परत वाजवतो, जोरात वाजवतो, जसं काही जोरात वाजवल्याने सूर कळणार आहे. न समजलेल्या पेशंटला तेच वाक्य मोठ्या आवाजात सांगणारे किती डॉक्टर आणि किती सिस्टर मी पाहिल्यात, आणि मी स्वतः केलंय.

मेसेजमध्ये तर हे अजून वाढतं कारण तिथे सूरही नाही. २००५ साली छापलेल्या एका अभ्यासात लोकांना काही वाक्यं टोमण्यात आणि काही मनापासून, अशी ईमेलने पाठवायला लावली आणि विचारलं समोरच्याला फरक कळेल का. पाठवणाऱ्यांचा अंदाज होता ७८ टक्के वेळा कळेल, प्रत्यक्षात ५६ टक्के वेळा कळला, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी त्याच्या आसपासच. लिहिताना आपण आपल्या मनात आपल्याच सुरात ते वाचत असतो. ‘ठीक आहे’ एवढंच आलेलं वाचून रात्रभर तळमळलेली माणसं तुमच्याही ओळखीत असतील, आणि ज्याने पाठवलं तो खरोखरच ‘ठीक आहे’ म्हणून झोपून गेलेला असतो.

आता ऐकणारा काय काय करतो त्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते आणि लेखात ती कुठेच नव्हती, ती म्हणजे ‘हं’. कोणी काही सांगत असताना आपण जे हं, अच्छा, हो का, अगं बाई करत असतो ते नुसतं सभ्यपणाचं नाही. २००० साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे, जॅनेट बेव्हलास आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. एकाने स्वतःवर गुदरलेला, थोडक्यात वाचल्याचा प्रसंग सांगायचा, दुसऱ्याने ऐकायचं. काही ऐकणाऱ्यांना गुपचूप एक काम दिलं होतं, समोरचा एका ठरावीक अक्षराने सुरू होणारे शब्द किती बोलतो ते मोजा. म्हणजे ते बघत होते समोर, ऐकतही होते, पण गोष्ट ऐकत नव्हते. झालं काय की सांगणाऱ्यांचंच सांगणं बिघडलं. तोच प्रसंग, जिवावर बेतलेला, आणि शेवटाशी येऊन ते अडखळायला लागले, एकदम कसंतरी संपवायला लागले किंवा परत परत तेच सांगून आपली बाजू मांडायला लागले. मला हे वाचून धक्काच बसला कारण वॉर्डात किती पेशंट असे होते ज्यांना आम्ही म्हणायचो ‘यांना धड सांगता येत नाही, भरकटतात’. केसपेपर लिहीत लिहीत मान खाली घालून आम्ही ऐकायचो. भरकटणार नाही तर काय. फोनवर बघा, समोरून ‘हं’ यायचं थांबलं की चार वाक्यांत आपण ‘हॅलो? आहेस ना?’ विचारतोच, पुढे बोलताच येत नाही. गोष्ट दोघं मिळून सांगत असतात, एक तोंडाने आणि दुसरा ‘हं’ने.

आणि तो ‘हं’सुद्धा किती प्रकारचा. ‘हं.’ म्हणजे ऐकतेय, ‘हं?’ म्हणजे परत सांग, ‘हंऽऽ’ म्हणजे मला पटलेलं नाही, आणि ‘हं हं हं’ म्हणजे कळलं पुढे चला. यातला जो ‘हं?’ किंवा ‘अं?’ आहे ना, न कळल्याचा, तो जवळपास जगभर सारखा आहे. २०१३ साली मार्क डिंगेमान्से आणि सहकाऱ्यांनी ३१ भाषांमध्ये तो बघितला, जगाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतल्या भाषा, आणि सगळीकडे असाच एक छोटा, प्रश्नासारखा आवाज. त्याच लोकांनी २०१५ साली १२ भाषांमधल्या रोजच्या गप्पा मोजल्या तर दर १.४ मिनिटाला, म्हणजे साधारण ८४ सेकंदांतून एकदा, कोणीतरी कोणालातरी थांबवून ‘काय?’, ‘कोण?’, ‘म्हणजे मंगळवारी ना?’ असं विचारतंच. घरातल्या, मित्रांमधल्या साध्या गप्पांत. माझ्यासाठी या सगळ्या वाचनातलं सर्वात मोलाचं हेच आहे. दीड मिनिटाच्या आत एकदा अडतं आणि लगेच दुरुस्त होतं, इतक्या पटकन की आपल्या लक्षातही राहत नाही, आणि त्या दुरुस्तीवरच सगळं चाललंय. मग जिथे विचारायला जागाच नाही तिथे काय होत असेल. रिपोर्ट बुकाला ‘अं?’ म्हणता येत नाही. नोटीस बोर्डाला म्हणता येत नाही. मोठ्या डॉक्टरला म्हणता येतं पण कोणी म्हणत नाही. आणि आपण घरात-शाळेत पोरांना काय शिकवतो, ‘एकदा सांगितलेलं कळत नाही का’, ‘लक्ष कुठे असतं’. परत विचारणाऱ्या पोरावर खेकसून आपण त्याचा तो ‘अं?’ बंद करतो, मग ते मान डोलवायला शिकतं.

मान डोलवण्याची किंमत कुठपर्यंत जाते याचं उदाहरण सगळ्या पायलटांना शिकवतात. २७ मार्च १९७७, कॅनरी बेटांमधलं टेनेरिफचं विमानतळ, दाट धुकं, एकाच धावपट्टीवर दोन जंबो विमानं, एक केएलएम या डच कंपनीचं उड्डाणाच्या तयारीत आणि दुसरं पॅन अॅम या अमेरिकी कंपनीचं त्याच पट्टीवरून हळूहळू बाजूला निघालेलं. केएलएमला उडायची परवानगी मिळालेली नव्हती, फक्त उडाल्यावर कुठल्या मार्गाने जायचं ते सांगितलं होतं. को-पायलटने ते परत बोलून दाखवलं आणि शेवटी जोडलं ‘आम्ही आता टेकऑफला आहोत’. टॉवरमधल्या माणसाला वाटलं टेकऑफच्या जागेवर उभे आहेत. तो म्हणाला ‘ओके’. आणि ते तर पळायला लागले होते. पुढे टॉवर म्हणाला थांबा, मी कळवतो, त्याच क्षणी पॅन अॅमवाले म्हणाले आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत, आणि दोघं एकदम बोलल्यामुळे केएलएमच्या कॉकपिटमध्ये नीट काही न कळता कर्कश आवाज गेला. तिथल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली, त्याने विचारलं ते पॅन अॅम बाजूला झालं नाहीये का? कॅप्टन म्हणाला झालंय की. इंजिनिअर पुढे बोलला नाही. ५८३ माणसं गेली. त्यानंतर नियम आला की ‘टेकऑफ’ हा शब्द फक्त उडायची परवानगी देताना किंवा ती काढून घेताना वापरायचा, बाकी वेळी ‘डिपार्चर’ म्हणायचं, आणि नुसतं ‘ओके’ नाही, सूचना पूर्ण परत बोलून दाखवायची.

ती इंजिनिअरची शंका मी किती वेळा विचार करते. त्याने ‘अं?’ म्हटलं होतं, कॅप्टनने खात्रीने हो म्हटलं, आणि तो गप्प बसला. आकृतीतल्या कुठल्या चौकटीत हे बसतं? कोण कोणापेक्षा मोठा, कोणाला घाई आहे, कोणाला विचारायची भीती वाटते, हे ‘नॉइज’ म्हणून कोपऱ्यात लिहायचं नसतं, ते मधोमध असतं.

हॉस्पिटलांनीही हे विमानवाल्यांकडून थोडंफार उचललंय. २०१४ साली नऊ हॉस्पिटलांमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, ड्युटी बदलताना डॉक्टरांनी पेशंटची माहिती ठरावीक पद्धतीने द्यायची आणि शेवटी घेणाऱ्याने आपल्या शब्दात परत सांगायची, असं शिकवल्यावर चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या. आमच्याकडे असलं काही नव्हतं, आम्ही आपलं त्या जखमेनंतर दोघींनी मिळून ठरवलं की बुकात ‘काल’, ‘परवा’, ‘उद्या’ लिहायचंच नाही, तारीख लिहायची आणि ‘झालं’ की ‘करायचं’ ते लिहायचं, आणि वाचणारीने जाणारीला थांबवून मोठ्याने वाचून दाखवायचं. सुरुवातीला बाकीच्या सिस्टर वैतागल्या, बस चुकते म्हणायच्या, त्यांचंही खरं होतं. सहा महिन्यांनी कोणी काही म्हणेना.

आणि पेशंटशी बोलायची माझी पद्धत बदलली ती एका आजींमुळे. डिस्चार्जच्या दिवशी मी त्यांना सांगितलं, ‘आजी, सकाळ-संध्याकाळ दोन गोळ्या घ्यायच्या.’ कळलं का विचारलं असतं तर हो म्हणाल्या असत्या, म्हणून मी गोळ्यांची पट्टी त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, ‘मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय, उद्या घरी कशा घ्याल ते दाखवा बघू.’ आजींनी सावकाश दोन गोळ्या फोडून डाव्या तळहातावर ठेवल्या, म्हणाल्या या सकाळच्या. मग अजून दोन फोडल्या, या संध्याकाळच्या. चार. मला सांगायचं होतं सकाळी एक, संध्याकाळी एक, मिळून दोन. माझं वाक्य परत वाचा, आजींचं काय चुकलं? काहीही नाही. त्यांनी अगदी लक्ष देऊन ऐकलं होतं, शब्द अन् शब्द. मी त्यांच्या हातातली एक एक गोळी काढून घेतली, ‘ही सकाळी, ही संध्याकाळी, बाकी पट्टीत’, आणि परत दाखवायला सांगितलं तेव्हा दोनच ठेवल्या. सगळं मिळून दोन मिनिटं लागली असतील. ‘तुम्हाला कळलं का’ विचारलं की परीक्षा पेशंटची होते आणि तो लाजतो, ‘मी नीट सांगितलं का’ म्हटलं की परीक्षा माझी होते आणि तो मोकळेपणाने चुकतो. वाक्य एवढंसं बदललं पण त्यानंतर माझ्या ड्युटीत किती गोळ्या, किती इन्सुलिनची युनिटं, किती तारखा अशा परत फिरून दुरुस्त झाल्या त्याची मोजदाद नाही.

म्हणून संपादक साहेब, माझी विनंती आहे की पुढच्या लेखाबरोबर त्या गोलाची दुरुस्ती छापा, तो आकडा भावनेपुरता होता एवढं एका ओळीत सांगितलं तरी पुरे, कारण तुमचा पेपर शिक्षक वाचतात, ट्रेनिंग घेणारे वाचतात, आणि ते कात्रण कापून फळ्यावर लावतात. चौकटींच्या आकृतीत ऐकणाऱ्याकडून सांगणाऱ्याकडे परत येणारा बाणही दाखवा, आणि जमलं तर तो जाणाऱ्या बाणाएवढाच जाड दाखवा. आणि एखादा पूर्ण लेख ‘परत कसं विचारावं’ यावर घ्या, मोठ्या माणसाला, घाईतल्या माणसाला, चिडलेल्या माणसाला, यावर लिहिण्यासारखं खूप आहे आणि यावरच कोणी लिहीत नाही.

पत्र लांबलंय याची कल्पना आहे, जागा नसेल तर कापा, माझी हरकत नाही, फक्त आजींच्या गोळ्यांचं आणि ‘परवा’चं कापू नका. आणि कापून झाल्यावर छापायच्या आधी एकदा फोन करून उरलेलं मला वाचून दाखवा, पाच मिनिटं लागतील, मी दुपारी घरीच असते.

आपली,
एक निवृत्त नर्स आणि रोजची वाचक